आधी सांगेल त्याला गूळ

आमच्याकडे गूळ चुकणाऱ्याला मिळत असे. बरोबर काम करणाऱ्याला वेगळं काही नव्हतं. त्याची मजुरी ठरलेली होती.

हे आवार अमरावतीच्या परकोटाबाहेर होतं. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि त्यापायी इकडे वऱ्हाडातला कापूस एकाएकी सगळ्या जगाचा लाडका झाला होता. लढाई कोणाची कोणाशी, हे आमच्यापैकी कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. ती लवकर मिटू नये, एवढं मात्र सगळे मनापासून म्हणत. अचलपुराकडून, दर्यापुराकडून गाड्या येत, आवाराबाहेर रांग लागे आणि बैलांच्या गळ्यात चांदीचं काही ना काही दिसे. एका पाटलाने बैलाला चांदीची साखळी घातली आणि स्वतः अनवाणी आला. जोडा घ्यायला सवड झाली नाही, म्हणाला.

आवाराच्या मधोमध लाकडी पेच होता. खाली चौकोनी खड्डा. त्यात सरकी काढलेली रुई भरायची, वर जाड फळी ठेवायची, फळीवर पेच. पेचाला चार लांब दांडे. एकेका दांड्याला छाती लावून चार-चार माणसं गोल फिरत, फळी खाली उतरत जाई आणि गाडीभर रुई दबून पेटीएवढी होई. तिला लोखंडी पट्ट्या बांधल्या की झाली गठाण. सोळा माणसांनी एका पावलाने चालायचं, एवढंच ते काम. एकाने पाऊल चुकवलं तर दांडा मागे फिरून दुसऱ्याच्या बरगड्या मोजत असे.

या सोळा माणसांचे मुकादम मूळचे बाळापूरकडचे. घरचा धंदा वांगी-मिरच्यांचा. पेच त्यांनी तिथे येईपर्यंत पाहिलेलाही नव्हता. त्यांना मुकादमी कशी मिळाली ते मला सुकदेवने सांगितलं. सुकदेव म्हणजे दांड्यावरचा एक गडी, माझ्याच वयाचा. एकदा पेच अडकला. मालक शेटजी ओट्यावर उभे राहून ‘कोणी केलं? कोणी केलं?’ म्हणून ओरडत होते आणि सोळा माणसं सोळा दिशांना बोटं दाखवत होती. तेवढ्यात डोक्यावर वांग्यांची टोपली घेतलेला हा माणूस फाटकातून आत आला. टोपली उतरवून त्याने जवळच्या गड्याला विचारलं, ‘‘काय झालं?’’ गड्याने सांगितलं. मग दुसऱ्याला, ‘‘तुह्या बाजूनं काय झालं?’’ असं सोळाही जणांना. सोळावा सांगेपर्यंत सगळ्यांनाच कळलं होतं की फळी तिरपी बसली आहे. पेच सुटला. शेटजींनी वांगीही ठेवून घेतली आणि माणूसही.

‘कोणी केलं’ हे दोन शब्द पुढच्या दोन वर्षांत मी मुकादमांच्या तोंडून ऐकले नाहीत.

त्यांचा एक कान बहिरा होता. कोणता, ते कुणाला कळलं नाही. कामाचं सांगायला गेलं तर दोन्ही कान धड असत. पण कुणी दुसऱ्याची चहाडी घेऊन आला की तो ज्या बाजूला बसे त्या बाजूचा कान त्या दिवसापुरता जाई. ‘‘ह्या कानानं आयकू येत नाई बावा. तिकडून ये.’’ तो उठून दुसऱ्या बाजूला जाईपर्यंत मुकादमही फिरून बसत. दोन-तीन फेऱ्यांत माणूस थकायचा आणि दांड्यावर परत जायचा.

दुपारी ते रोज एकाच्या शिदोरीसमोर उकिडवे बसत. खात नसत. नुसती भाकर पाहत.

‘‘काठ करपला. बायको माहेरी गेली काय रे?’’

‘‘नाही, हाये घरी.’’

‘‘मंग ही भाकर कोनं थापली?’’

‘‘मी.’’

‘‘तिले ताप हाये?’’

‘‘दोन दिस झाले.’’

त्या दिवशी तो गडी दांड्याच्या आतल्या टोकाला. तिथे चाल कमी पडते. यात त्या गड्याची सोय होई खरी, पण घरी भांडण झालेलं लपवणं आमच्या आवारात अशक्य होऊन बसलं होतं.

नवा माणूस आला की पहिले आठ दिवस सगळा पेच त्याच्या पावलाने चालायचा. शेटजींना ते बघवत नसे. ‘‘मुकादम, हा पेच आहे की गोगलगाय?’’

‘‘शेटजी, जोडीत एक बैल धाकटा असला तं चाल त्याची धरा लागते. मोठ्याची धरली तं धाकटा बसते. मंग मोठा एकटा काय वढन?’’

शेजारच्या आवारातल्या मुकादमाच्या हातात चाबूक होता आणि आवाज अर्ध्या अमरावतीला ऐकू जाई. त्याच्यापेक्षा आमच्या गठाणी रोज जास्त निघत. शेटजींना याचं कारण समजत नव्हतं. गठाणी निघत होत्या म्हणून ते समजून घ्यायच्या फंदात पडले नाहीत.

आता गूळ. किसन नावाच्या गड्याने एका गठाणीला एक पट्टी कमी बांधली. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दुपारी निंबाखाली सगळे जेवत असताना तो स्वतःच म्हणाला, ‘‘मुकादम, सकाळच्या गठाणीत माही चूक झाली.’’ सगळे घास हातात धरून बसले. मुकादमांनी कमरेच्या गाठीतून लिंबाएवढा गुळाचा खडा काढला, निंबाच्या मुळीवर ठेवला आणि म्हणाले, ‘‘घे. कोनाले सापडाच्या आधी सांगेल त्याले गूळ. सापडल्यावर सांगेल त्याले नुसतं काम.’’ मग दोघांनी मिळून पट्टी बांधली.

दुसऱ्या दिवशी तीन चुका निघाल्या. चौथ्या दिवशी सुकदेव उभा राहिला. त्याला गूळ फार आवडायचा. म्हणाला, ‘‘मुकादम, माह्या हातातलं कडं गठाणीत राह्यलं.’’ सुकदेवने जन्मात कडं घातलं नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं. मुकादमांनी गूळ दिला आणि म्हणाले, ‘‘आता गठाण सोड, कडं काढ.’’ दिवस मावळेपर्यंत सुकदेव एकटा बसून रुई पिंजत होता. शेवटी मुकादम शेजारी जाऊन बसले.

‘‘सापडलं?’’

‘‘कडं नवतंच, मुकादम. लबाडी केली म्या.’’

‘‘हे मले सापडाच्या आधी सांगतलं ना? घे.’’ असं म्हणून त्यांनी दुसरा खडा त्याच्या हातावर ठेवला.

त्यानंतर खोटी चूक कुणी सांगितली नाही. खऱ्या चुका मात्र रोज यायच्या, दुपारीच यायच्या, आणि माल आवारातून बाहेर जायच्या आत दुरुस्त होऊन जायच्या.

मी गूळ कधी खाल्ला नाही. मी अकोल्याचा. मोडी लिहिता-वाचता येई म्हणून दांड्यावर न लावता शेटजींनी मला पारखीला ठेवलं होतं. आलेल्या प्रत्येक बोऱ्यात कोपरापर्यंत हात घालून बघायचं, कारण वजन वाढावं म्हणून लोक कापसावर पाणी शिंपडत. वरून कोरडा, पोटात ओला. ओली रुई दाबली तर आतल्या आत तापते, सडते आणि शेजारच्या मालालाही वास लावते. गाड्या जास्त आल्या की माझ्याबरोबर सुकदेव आणि खुद्द मुकादम असे तिघांचे हात चालायचे. माझ्याही चुका होत. बारीकसारीक. मी त्या कुणाला न सांगता गुपचूप निस्तरत असे. सोळा गड्यांपुढे उभं राहून ‘माझं चुकलं’ म्हणायचं आणि गुळाचा खडा चोखत बसायचं, हे मला माझ्या पायरीला शोभणारं वाटत नव्हतं. मुकादम एकदा म्हणाले, ‘‘तू गूळ खात नाहीस. दात दुखतात काय?’’ मी हसलो. ते हसले नाहीत.

आता जे सांगायचं ते सांगतो. वीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

पौषातला दिवस होता. दुपारी शेटजींच्या घरी मला बघायला मुलीचे मामा येणार होते. मामा शेटजींच्या अकोल्याच्या दुकानावर दिवाणजी होते, म्हणजे वजनदार माणूस. मी सकाळीच न्हाऊन, नवा अंगरखा घालून कामावर आलो. इस्त्री अशी कडक की हात वाकवला तरी आवाज यावा. शेवटची गाडी माझ्या वाट्याला आली, सहा बोऱ्यांची. बाही वर सारली तर चुरगळणार. मी बोरे वरून थोपटले, तोंडातली मूठभर रुई चोळून पाहिली आणि ‘जाऊ द्या’ म्हणालो. एवढंच. एका बाहीसाठी.

दुसऱ्या दिवशी ते रिकामे बोरे वाळत पडलेले पाहिले. प्रत्येकाच्या बुडाशी ओलीचा काळा डाग होता. त्यांतल्या रुईच्या गठाणी अजून आवारातच होत्या, कोपऱ्यात. दुपारी मुकादमांनी नेहमीसारखा खडा निंबाच्या मुळीवर ठेवला आणि सगळ्यांकडे पाहिलं. मी उठायचं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. एक हात जमिनीवर टेकलाही होता. तेवढ्यात शेटजी मामांना आवार दाखवायला घेऊन आले. मामांनी विचारलं, ‘‘हा गूळ कशाचा?’’ शेटजी म्हणाले, ‘‘जो चुकतो त्याला. आपल्या जावईबापूंनी अजून एकदाही खाल्ला नाही.’’ मामा माझ्याकडे पाहून समाधानाने हसले. मी टेकलेला हात उचलला आणि त्याची माती झटकली. गठाणी तिसऱ्या दिवशी अकोल्याच्या वाटेला लागल्या.

महिन्याने सांगावा आला. अकोल्याच्या वखारीत गठाणी सोडल्या तर आत रुई पिवळी पडून तापलेली होती, वास मारत होती. आमच्या आवाराचा छाप असलेला सगळाच माल परत. शेटजी निंबाखाली आले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिथे तो प्रश्न ऐकू आला.

‘‘कोणी केलं?’’

शेटजींनी सुकदेवकडे बोट केलं. ‘‘हाच. रोज गूळ खातो. याचाच हात.’’

सुकदेव उभा राहिला. ‘‘शेटजी, मी असतो तं सांगतलं असतं. मले गूळ आवडते.’’

‘‘मग कोण? नाव बोल मुकादम, नाहीतर उद्यापासून सगळी टोळी घरी.’’

मुकादमांनी कमरेची गाठ सोडली. खडा मुळीवर ठेवला. कुणाकडेच रोखून पाहिलं नाही, माझ्याकडे तर नाहीच. नुसते थांबले. निंबावर साळुंक्या भांडत होत्या. त्यांचं भांडण सुरू होऊन मिटेपर्यंत ते थांबले. मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत होतो. त्या अंगठ्याचं नख कसं होतं ते मी आजही सांगू शकेन.

मग मुकादम वाकले, तो खडा उचलून त्यांनी स्वतःच्या तोंडात टाकला आणि म्हणाले, ‘‘माहा हात होता.’’

गूळ पुरता विरघळेपर्यंत ते तिथेच उभे राहिले. मग पागोटं नीट केलं, टोपली घेतली आणि बाळापूरच्या वाटेला लागले. वांग्यांची ती टोपली त्यांनी दोन वर्षं पेचाच्या खांबाला टांगून ठेवली होती.

शेटजींनी दुसऱ्या दिवशी नवा मुकादम नेमला. मला. ‘‘याने दोन वर्षांत एकदाही गूळ खाल्ला नाही,’’ त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

मी पहिल्या दिवशी खडा मुळीवर ठेवला. कुणी उठलं नाही. दुसऱ्या दिवशी ठेवला. मुंग्यांनी नेला. चौथ्या दिवशी एक पट्टी तुटली आणि मी ओरडलो, ‘‘कोणी केलं?’’ सोळा बोटं सोळा दिशांना. माझ्या मुकादमीत कुणाचीही चूक झाली नाही. गठाणी मात्र परत येत राहिल्या. पुढे अमेरिकेतली लढाई मिटली, भाव बसला आणि शेटजींनी पेच मोडून लाकूड विकून टाकलं. माझं लग्न तेवढं वेळेवर झालं.

सुकदेवचं काय झालं ते सांगायला हवं. लोकांनी आपसांत ठरवलं की मुकादमांनी सुकदेवलाच पाठीशी घातलं. त्याचं नाव पडलं ओला सुकदेव. पुढे फक्त ओला. मी अकोल्यात वाफेच्या यंत्रावर मुकादम झालो तेव्हा तोही तिथे आला. रुईचे बोरे वाहायचा. पारखीला त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, पण ओल्याला पारखीला कोण ठेवणार? मीही ठेवलं नाही. लोक हसले असते. वीस वर्षं तो माझ्या डोळ्यांसमोर पाठीवर बोरे वाहत होता आणि मला भेटला की म्हणायचा, ‘‘काय मुकादम, बरं चाललं?’’

या मोसमात त्याचा मुलगा पारखीचं काम मागायला आला. तरणाताठा, हात बापासारखा. टोळीतला एकजण मोठ्याने म्हणाला, ‘‘ओल्याचा पोरगा पारखीले? मंग गठाणीत मासोया पाळा.’’ सगळे हसले. मुलाने मान खाली घातली. सुकदेव तिथेच पाठीवर बोरा घेऊन उभा होता. त्याने पाठीवरचा बोरा नुसता सारखा केला.

मी दुसऱ्या दिवशी बाळापूरला गेलो.

मुकादम वांग्यांच्या वाफ्यात बसून खुरपत होते. फार म्हातारे झाले होते. मला पाहून म्हणाले, ‘‘बस. माती लागन, पाहून बस.’’

मी शेजारी बसलो. ‘‘मुकादम, त्या पौषातल्या गठाणी...’’

‘‘ह्या कानानं आयकू येत नाई.’’

मी उठून दुसऱ्या बाजूला गेलो. तेही फिरून बसले.

‘‘चहाडी नाही मुकादम. माझंच आहे.’’

‘‘तुहंच हाये तं मले काहून सांगून राहिला? मले तवाच माईत होतं. साऱ्याइच्या बाह्या मयल्या होत्या. तुही कोरी होती.’’

मी विचारलं, ‘‘तुम्ही बोलला का नाहीत? गठाणी दोन दिवस आवारात होत्या.’’

त्यांनी खुरपं थांबवलं. ‘‘तू हात टेकला होता. उठून राहिला होता. म्या म्हनलं, आज नाही तं उद्या उठन. थांबलो.’’ मग एक तण उपटून म्हणाले, ‘‘ते माहं चुकलं. उद्याच्या भरवशावर माल जाऊ द्याले नोको होता. म्हून तं गूळ खाल्ला म्या. फुकटचा नाही खाल्ला.’’

आजवर मी समजत होतो की त्यांनी माझी चूक अंगावर घेतली. त्यांनी स्वतःची सांगितली होती.

निघताना त्यांनी चार वांगी पदरात घातली. ‘‘मले सांगून काय होते? झाडाखाली सांग. आन वांगी चिरून पाहजो, वरून सारीच गोमटी दिसतात.’’

अकोल्याच्या आवारात निंब नाही. यंत्राच्या चिमणीची सावली पडते तिथे माणसं जेवायला बसतात. परवा दुपारी मी तिथे उभा राहिलो आणि जे वर लिहिलं आहे ते सांगितलं. बाहीपासून अंगठ्यापर्यंत. चाळीस माणसं घास हातात धरून ऐकत होती. शेवटी म्हणालो, ‘‘ओला मी आहे. सुकदेवचा हात कोरडा होता.’’ आणि बरोबर आणलेला गुळाचा खडा विटेवर ठेवला.

सुकदेव उठला. मला वाटलं, मारणार. मारलं असतं तर बरंच झालं असतं. त्याने खडा उचलला, उलटसुलट करून पाहिला.

‘‘कधी झालं हे?’’ त्याला पाठ असलेली गोष्ट त्याने विचारली.

‘‘वीस वर्षं झाली.’’

‘‘आधी सांगेल त्याले गूळ,’’ सुकदेव म्हणाला. ‘‘तू लय उशिरा सांगून राहिला. तुले नाही.’’ आणि अर्धा खडा दाताने तोडून त्याने खाल्ला, उरलेला कमरेच्या गाठीत बांधला. मग मुलाकडे वळून म्हणाला, ‘‘चाल रे. बोरे उतरले हायेत. हात धू आधी.’’

घरी बायकोलाही सांगितलं. मामांनी लग्न मोडलं असतं या भीतीने गप्प बसलो, म्हणालो. ती भाजी निवडत होती. म्हणाली, ‘‘मामाले मले उजवाची घाई होती. तुमी आंधळे असते तरी देल्ली असती.’’ आणि पुढची जुडी सोडली.

काल दुपारी सगळे जेवायला बसले. मी गूळ ठेवला नव्हता. ठेवायचा हक्क आता मला आहे की नाही, याची खात्री नव्हती. मासोळ्यांचा विनोद करणारा तोच गडी जरा घुटमळत उभा राहिला. माझ्याकडे पाहिलं, मग सुकदेवकडे पाहिलं.

‘‘मुकादम,’’ तो म्हणाला, ‘‘सकाळच्या गठाणीत जरा घोटाळा झाला. अजून कोनाले सापडला नाही.’’

सुकदेवचा हात कमरेच्या गाठीकडे गेला. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. जुना प्रश्न सवयीने जिभेवर आलाच होता. तो गिळला.

‘‘काय झालं?’’ मी विचारलं.